चुकलेले चेंडू आणणारा गार्ड

रूपेश,

त्या दिवशी ‘मागे!’ म्हणून ओरडलो तो मी होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, प्राचार्यांना नाही, तुझ्या संघातल्या एकाही मुलाला नाही. तुला सांगायची गरजच नव्हती. ज्याच्यासाठी ओरडलो तो तूच होतास, आणि तू ते ऐकून थांबला होतास. पण तुला हे माहीत आहे हे मला माहीत आहे, एवढंसुद्धा सहा वर्षांत मी तुझ्याशी बोललो नाही.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले.

काल संध्याकाळी अमित घरी आला होता. तुमच्या संघातला शॉट मारणारा अमित. आता पोट सुटलंय, बँकेत लागलाय, तरी अजून बसताना पाय पसरून कोर्टाच्या कडेला बसल्यासारखाच बसतो. म्हणाला, ‘सर, पुढच्या महिन्यात रूपेशच्या नावाने मॅच ठेवतोय. आपल्याच कोर्टवर. जुनी पोरं आणि आताची पोरं. छोटं पुस्तकपण काढतोय, आठ-दहा पानांचं. तुम्ही दोन शब्द लिहा ना, कोच म्हणून.’ मग पिशवीतून नमुन्याचा टी-शर्ट काढून त्याने माझ्यासमोर सोफ्यावर पसरला. निळा. पाठीवर तुझा सात आकडा आणि आकड्याच्या वर मोठ्या अक्षरांत ‘पुतळा’.

‘सही आहे ना, सर? तो स्वतः असता तर पहिला हसला असता.’

‘छान आहे,’ मी म्हणालो.

बघ, अजून तेच चाललंय. तोंडातून पहिलं निघतं ते सोयीचं. अमित गेला आणि मी लिहायला बसलो. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, कुठल्या वर्षी कुठल्या संघात खेळलास, हे सगळं अमित लिहीलच. मला दोन शब्द लिहायचे होते, आणि ते ‘मागे’वरून पुढे सरकेनात.

तुला आठवतं का, पहिल्या दिवशी तुला मी जवळजवळ परत पाठवला होता? निवडीला तीस-चाळीस मुलं आली होती. मी नावं लिहून घेत होतो. तुला विचारलं, ‘उंची?’

‘साडेपाच फूट, सर. केस धरून.’

‘कुठून येतोस?’

‘जुनं भाईंदर. खाडीकडं.’

‘शॉट मार तीन.’

तीनही चुकले. पहिला तर बोर्डालाही लागला नाही. पण तीनही चेंडू दुसरा टप्पा पडायच्या आत तुझ्याच हातात होते. शॉट सुटायच्या आधीच तू निघालेला असायचास. रांगेतली पोरं हसत होती. मीही हसलो आणि नावापुढे ‘राखीव’ लिहिलं. म्हटलं, सरावाला चेंडू आणून द्यायला कामाला येईल.

पुढचं अख्खं वर्ष तू तेच केलंस. अमित रोज शंभर-दीडशे शॉट मारायचा आणि तू चेंडू आणून द्यायचास. मला वाटायचं, बिचारा हमाली करतोय. तू मात्र काहीतरी वेगळंच करत होतास, ते मला फार उशिरा कळलं. एकदा तू चेंडूकडे पाठ करून उभा होतास. अमितने उजव्या कोपऱ्यातून शॉट मारला, आणि तू न बघता डावीकडे चार पावलं चाललास. चेंडू रिंगला लागून तिथेच आला. मी तुला बोलावून विचारलं, हे काय?

‘सर, उजवीकडनं मारलेला चुकला की बहुतेक वेळा डावीकडं पडतो. लांबनं मारलेला लांब पडतो. आणि अमित दमला की त्याचा आखूड पडतो, तेव्हा पुढं उभं राहायचं.’

‘हे कुठे वाचलंस?’

‘वाचलं कुठं? तो चुकतो, मी आणतो. पाठ झालं.’

मी एवढी वर्षं खेळलो, त्यानंतर एवढी वर्षं शिकवलं. बास्केट कसा करायचा हे पाठ करणारी शेकडो मुलं बघितली. दुसऱ्याच्या चुका पाठ करणारा तू एकटा.

हा लेख बास्केटबॉल न खेळलेली माणसंही वाचतील, म्हणून थोडं सांगतो. तुला कंटाळा येईल, पण ऐक. चुकलेला शॉट बोर्डावरून किंवा रिंगवरून परत येतो, तो हवेतच पकडायचा, याला रिबाउंड म्हणतात. हे काम उंच, धिप्पाड मुलांचं, असं सगळे मानतात. गार्ड म्हणजे संघातली बुटकी, चपळ माणसं. त्यांनी चेंडू वर न्यायचा, खेळ मांडायचा, आणि आपल्या माणसाने शॉट मारला रे मारला की वळून मागे पळायचं, आपला बास्केट राखायला. मला माझ्या कोचने हे शिकवलं होतं, तेही आरडाओरडा करून. ते माझ्यात इतकं मुरलं होतं की शॉट सुटला की ‘गार्ड, मागे!’ हे शब्द माझ्या तोंडून शिंकेसारखे सुटायचे. विचार करून नाही.

आणि तू बोर्डाकडे जायचास.

आपल्याकडे उंच मुलं होतीच कुठे? मीरा रोड-भाईंदरची पोरं आपली, जी आली ती घेतली. समोरच्या कॉलेजांचे सेंटर, म्हणजे रिंगखाली उभे राहणारे खेळाडू, सहा-सहा फुटी. आपले दोघे त्यांना अडवून धरायचे, पाठ लावून ढकलत राहायचे, बस. चेंडू त्या चौघांच्या डोक्यांवरून जाऊन पलीकडे पडायचा, आणि पलीकडे तू. त्या चौघांना वाटायचं त्यांची लढाई चाललीय. चेंडू तर तुझ्याच हातात यायचा. शिवाय सेंटरने रिबाउंड घेतला की तो आधी गार्ड शोधतो, मग पास देतो, तोवर समोरचे पाचही जण मागे पोचलेले असतात. तू घेतलास की शोधायचं कुणाला? चेंडूही तुझ्याकडे आणि गार्डही तूच. तुझा डावा पाय जमिनीला लागायच्या आत उजवा पुढे गेलेला असायचा. आपण जेवढे सामने जिंकलो त्यातले निम्मे त्या वाचलेल्या एका पासवर जिंकलो, असं मी आज म्हणतो. तेव्हा कधी म्हणालो नाही.

कारण अधिकृत गुणपत्रिकेवर गुण असतात आणि फाऊल असतात. रिबाउंडला तिथे रकाना नसतो. अमितच्या नावापुढे अठरा, वीस, बावीस. तुझ्या नावापुढे दोन. कधी शून्य. मी हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुझ्या नावाने बारीक रेघा मारायचो. आपल्या दोन्ही सेंटरच्या मिळून व्हायच्या त्याहून तुझ्या जास्त असायच्या. ते पान मी कुणाला दाखवलं नाही. तुलाही नाही.

आपलं भांडण मात्र खरं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. समोरच्यांनी आपल्या बास्केटवर शॉट मारला की तू रिबाउंडला जावंस, हे मी दुसऱ्या वर्षी मान्य केलं. पण आपण त्यांच्या बास्केटवर शॉट मारला तर? तिथेही तू आत घुसायचास. तू घुसलास आणि चेंडू त्यांना मिळाला तर मागे आपलं अंगण मोकळं.

‘आपल्या बोर्डवर जा. त्यांच्या बोर्डवर नाही. एवढं साधं आहे.’

‘सर, चेंडूला कुठं माहितेय कुणाचा बोर्ड हाय ते?’

सगळे हसले. मी तुला कोर्टाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. तू मारल्यास, आणि दहावी संपवून माझ्यासमोरून जाताना म्हणालास, ‘पण माहीत न्हाय ना, सर, चेंडूला?’ माझ्याशी शहरातलं मराठी बोलायचास, पण एखाद्या गोष्टीचा हट्ट धरलास की घरचा ‘न्हाय’ यायचा. तो आला की मी समजायचो, आता याला काही सांगून उपयोग नाही.

आणखी एक आठवतं, कुणाच्या काही उपयोगाचं नाही, तरी लिहितो. आपण दोघं केबिन रोडला रिंगची जाळी आणायला गेलो होतो. दुकानदार वैतागून म्हणाला, ‘सर, दो महिने पहले तो ले गए थे. आप लोग जाली चबाते हो क्या?’ तू छाती काढून म्हणालास, ‘चाचा, इतना बास्केट होता है, फटेगा नहीं तो क्या?’ मी तुझ्याकडे बघितलं. तू मराठीत हळूच म्हणालास, ‘सर, अमितचे चुकलेले सांगत बसू का त्याला?’ येताना आपण उसाचा रस प्यायलो. तू बर्फ नको म्हणालास, म्हणजे रस जास्त येतो. मी फार कमी बोलणारा माणूस. घरातही माझी ख्याती तीच. पण त्या दिवशी केबिन रोडपासून कॉलेजपर्यंत मी एकसारखा बोलत होतो, असं तूच नंतर सगळ्यांना सांगितलंस.

आता ते सात सेकंद.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची उपांत्य फेरी. आपलं कॉलेज तिथवर पहिल्यांदाच पोचलं होतं. प्राचार्य स्वतः आले होते. विद्यापीठाच्या संघासाठी मुलं निवडणारे एक गृहस्थ समोर खुर्चीवर बसले होते, पांढरी टोपी घालून. मध्यंतरात ते मुद्दाम माझ्याकडे आले. ‘तो सात नंबर कोण हो? गार्ड असून बोर्डावर येतो. असा मुलगा मी फार वर्षांत पाहिला नाही.’ विद्यापीठाकडून खेळलास तर तुझं काय होणार होतं, ते तुला, मला आणि तुझ्या घरच्यांनाही पक्कं माहीत होतं. ते प्रमाणपत्र हातात असतं तर खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी मिळण्याची आशा होती. तुझे वडील तेव्हा होडीवर जायचे थांबले होते.

शेवटी आपण एका गुणाने मागे. सात सेकंद उरलेले. चेंडू आपला. अमितने उजव्या बाजूने शॉट मारला. तू डावीकडे निघालास. दोन पावलं टाकली होतीस.

‘रूपेश, मागे!’

विचार कर, रूपेश. तू केलाच असशील, हजार वेळा. एका गुणाने मागे असताना, सात सेकंद उरलेले असताना गार्डने मागे जायचं कशासाठी? राखायचं काय होतं? त्यांनी आणखी एक बास्केट केला असता तर एकऐवजी तीनने हरलो असतो, हरण्यात काय फरक? कोर्टवर नवीन आलेल्या मुलालाही हे कळतं. पण शॉट सुटला आणि मला शिंक आली. वीस वर्षांची सवय ओरडली. तू थांबलास. वळलास. चेंडू रिंगच्या पलीकडच्या कडेला लागला, चौघांच्या डोक्यांवरून गेला आणि तू जिथे असणार होतास त्याच जागी पडला. मोकळ्या जागेत एक टप्पा पडला. मग त्यांच्या एका मुलाने तो उचलला आणि शिट्टी वाजली.

हॉलमध्ये एवढा आरडाओरडा होता की माझा आवाज फक्त तुझ्यापर्यंत पोचला. तू नेहमी माझ्या आवाजाकडे कान ठेवून खेळायचास. जमलेल्या सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की सात नंबर चेंडूकडे निघाला आणि मध्येच उभा राहिला.

प्राचार्य आले. ‘तो मुलगा का थांबला?’

शेजारी ते पांढऱ्या टोपीवाले गृहस्थ उभे होते. दोघेही माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, ‘मी सांगून ठेवलं होतं, आत जा म्हणून. ऐकलं नाही. शेवटी शेवटी दडपण येतं त्याला.’

किती सहज निघालं. मी आधी ठरवलं नव्हतं. चूक एवढी बावळट होती की ती माझी आहे, हे म्हणणं मला जमलं नाही. एखादी हुशार चूक असती तर कदाचित कबूल केली असती. टोपीवाल्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं. मी वळलो तर तू बाकाच्या मागे वाकून बुटाची नाडी बांधत होतास. नाडी बांधलेलीच होती. तू ती सोडून परत बांधत होतास.

तू ऐकलंस. मला त्याच क्षणी कळलं की तू ऐकलंस.

परत येताना टेम्पोत मी पुढे ड्रायव्हरशेजारी होतो. मागे अमितचा आवाज, रडका आणि चिडलेला: ‘पुतळा झाला रे याचा! चेंडू समोर पडतोय आणि हा पुतळा!’ शॉट त्याचा चुकला होता, त्यालाही कुठेतरी टाकायचं होतं ते ओझं. पोरं हसली. तू काहीतरी बोलशील म्हणून मी वाट बघत होतो. तू म्हणालास, ‘हा रे, झाला पुतळा. आता हार घाला.’ आणि पोरं आणखी हसली. मी मान वळवली नाही. ते नाव तुला चिकटलं. पुढे त्यातला राग गेला, प्रेम आलं. नवी मुलं आली, त्यांना का म्हणतात हेही माहीत नव्हतं, तरी ‘पुतळादादा’.

महिन्याभराने तू शांती नगरला माझ्या घरी आलास. हातात तुझ्या आईने दिलेला बोंबलांचा डबा. पाणी प्यायलास, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केलीस, आणि जायला उठल्यावर दारात विचारलंस, ‘सर, ते युनिव्हर्सिटीचं काय झालं?’

‘त्यांना उंच मुलं हवी होती,’ मी म्हणालो.

तू हसलास. ‘उंची तर आता न्हाय वाढणार, सर.’

‘न्हाय’ म्हणालास. मी ऐकलं ते. डबा बायकोने धुऊन, त्यात साखर घालून परत दिला. तू तो हातात घेऊन जिना उतरलास. मी दार लावलं.

माझ्यावर रागवायचा तुझा हक्क होता. तू मात्र हाटकेश भागातल्या एका कारखान्यात खोके मोजायच्या कामाला लागल्यावरही दर शनिवारी दुपारी कोर्टवर यायचास. पगार नाही, मान नाही, माझ्याकडून तर साधा आभाराचा शब्दही नाही. कॉलेजने मुलींचा संघ काढला तेव्हा त्यांना रिबाउंड तूच शिकवलास. त्या संघातली ती बुटकी गार्ड, अश्विनी, तुझ्यासारखीच आगाऊ. तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, ‘दादा, तुम्हाला पुतळा का म्हणतात?’

मी चार हातांवर होतो. शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत होतो.

‘मी एकदा थांबलो होतो,’ तू म्हणालास.

‘का?’

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मुद्दाम बघितलं नाहीस, हे मला कळलं. म्हणालास, ‘ते सोड. तू थांबू नको. निघालीस की निघालीस.’

मला वाचवायला तुला एवढे कष्ट पडत होते आणि मी ते बघत उभा होतो. त्या दिवशी सांगू असं ठरवलं होतं. सरावानंतर आपण वडापाव खाल्ला, तू ज्यादा मिरची मागून घेतलीस, आणि मी तुला नव्या चेंडूंची ऑर्डर कधी येणार ते सांगितलं.

मग ताप, मग कावीळ. तुझ्या भावाने फोन केला तेव्हा मला वाटलं, होईल बरा, वय काय त्याचं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भेटायला आलो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. खरं सांगायचं तर मी येताना रिक्षात वाक्य जुळवत होतो. ‘रूपेश, त्या मॅचचं एक राहून गेलंय.’ एवढंच. पुढचं तूच सोपं केलं असतंस. पण मी बसलो न बसलो तोच तू सुरू झालास. ‘सर, त्या अश्विनीला ओरडू नका. ती जाते तर जाऊ द्या ना बोर्डवर. दोन्ही बोर्डवर.’

‘आणि मागे कोण राहणार?’

‘दुसरी गार्ड राहील की. पण जिला चेंडू कळतो तिला थांबवू नका, सर.’

तुझा आवाज बसला होता. मी म्हणालो, ‘बघू.’

आपल्या सगळ्या भांडणांचा शेवट मी याच शब्दाने करायचो. तू हसलास. ‘तुमचं बघू म्हंजे न्हायच.’ नर्स आली, म्हणाली, पेशंटला बोलायला लावू नका. मी उठलो. तुझ्या पायावरची चादर सारखी केली. शब्दांचं जमत नाही तिथे मी चादर सारखी करतो, शिट्टीचा दोरा गुंडाळतो, चेंडूत हवा भरतो. सहा दिवसांनी तुझ्या भावाचा परत फोन आला.

गेल्या शनिवारी मी कोर्टवर गेलो. अश्विनी दोन्ही बोर्डांवर जात होती. शिंक आली होती, खोटं कशाला बोलू? पण मी शिट्टी दातांत धरून ठेवली. तिने चार रिबाउंड काढले. पाचव्या वेळी चेंडू दुसरीकडे गेला आणि समोरच्यांनी मोकळ्या अंगणात आरामात बास्केट केला. तेव्हा मी मनात तुला म्हणालो, बघितलंस? तुझं सगळंच बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. दर वेळी जायचं नसतं, त्यालाही डोकं लागतं. पण ते डोकं तुझ्याकडे होतं. तुझ्याकडे होतं आणि मी ते एका शब्दात बंद केलं, आणि नंतर चारचौघांत सांगितलं की ते तुझ्याकडे नव्हतंच.

एक गोष्ट राहिली. लिहायची टाळत होतो.

तुझ्या दहाव्याच्या दिवशी तुझ्या घरी गेलो होतो. पोरं बाहेर ओटीवर बसली होती, हलक्या आवाजात तुझ्या गोष्टी सांगत होती. आत तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, ‘सर, माजा रूपेस खेलायचा काय नक्की? मी कदी बगला न्हाय. बास्केट टाकायचा का?’

‘बास्केट फार नाही,’ मी म्हणालो. ‘दुसऱ्यांचे चुकलेले चेंडू असतात ना, ते आणायचा. त्याच्याएवढ्या उंचीच्या मुलांना ते जमत नाही. त्याला जमायचं. तो असायचा म्हणून बाकीचे बिनधास्त शॉट मारायचे. चुकला तरी रूपेश आहे.’

तिने मान हलवली. तिला ते पटलं, असं वाटलं. घरातही तू तेच करत असशील. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी म्हणालं, ‘पुतळा असता तर...’ आणि तिने ते ऐकलं. मला विचारलं, ‘पोरं त्याला पुतला का बोलतान, सर? माजा पोर तर एक घडी गप बसायचा न्हाय.’

खरं उत्तर माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, रूपेश. ओटीवर सगळा संघ बसला होता, अमित होता. तिच्या हातात तुझा जुना शर्ट होता, त्याची घडी ती सारखी उलगडत होती आणि परत घालत होती.

‘प्रेमाने म्हणतात,’ मी म्हणालो.

प्रेमाने म्हणतात, हेही खरं आहे. म्हणूनच ते इतकं सोयीचं होतं.

तू मला माफ केलंस का, हे मी विचारणार नाही. तू सहा वर्षं दर शनिवारी यायचास, तेच उत्तर असेल, किंवा तू फक्त मुलींसाठी येत असशील. काही असो. मला तुझे आभार मानायचे आहेत. माझा चुकलेला सर्वांत मोठा शॉट तू सहा वर्षं हातात धरून होतास आणि कुणाला दिसू दिला नाहीस.

हे कागद मी उद्या अमितला देणार आहे. त्याच्या पुस्तकात जसेच्या तसे छापावेत. अमित, टी-शर्टवर ‘पुतळा’ छापू नकोस. ‘रूपेश’ छाप. तो थांबला नव्हता, त्याला मी थांबवलं. आणि प्राचार्यांना, त्या निवड करणाऱ्या गृहस्थांना, तुम्हा सगळ्यांना मी जे सांगितलं ते खोटं होतं. ते गृहस्थ कुठे असतात माहीत असेल तर एक प्रत त्यांनाही पाठव.

मुलं हे वाचतील. रूपेश, तुझ्या आईला वाचता येत नाही. तिने मला समोर बसवून एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर मी तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून द्यायला हवं. ते मी अजून दिलेलं नाही.